गुलाबरावांची दाढ

बियाण्याच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुलाबराव सोयाबीनच्या बियाण्याला बुरशीनाशक लावायचे. गुलाबराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. औषधात गुलाबी रंग असतो, म्हणजे बी औषध लावलेलं आहे हे दिसावं आणि कुणी चुकून ते शिजायला टाकू नये. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय ते ड्रमला हात लावत नसत. पण बोलायच्या भरात त्याच मोज्यांनी कान खाजवायचे. पेरणीच्या दिवसांत उजवा कान असा रंगायचा, की गिऱ्हाइकांनी बारसंच करून टाकलं.

बोलायचे मात्र भरपूर. पुढच्या गल्ल्यावर त्यांची बायको बसायची. तिच्याकडून पोतं घेऊन माणूस मागे आला, की गुलाबराव ड्रम फिरवता फिरवता सुरू व्हायचे. "बी मातीत पडलं, माती गार आणि ओली असली, की बुरशी टपलेलीच असते. कोंब वर यायच्या आत खालच्या खाली सडवते. आणि तुम्ही वर बसून बघताय, अजून उगवलं कसं नाही!"

या वर्षी ऐन हंगामात त्यांची दाढ दुखायला लागली. आधी ठणका, मग सूज. डावा गाल असा फुगला, की मास्कची दोरी पुरेना. बायको म्हणाली, "दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या."

"थोडं थांबून बघू. आपोआप बसेल."

"तिकडे खुर्चीला घाबरताय, कबूल करा."

"मी? मी कशाला घाबरू?" असं म्हणून गुलाबरावांनी लवंग दाढेखाली धरली आणि शेडचं दार लावून घेतलं.

दोन दिवसांनी एक बाई पोतं घेऊन आल्या. चष्मा, पायांत स्वच्छ बूट. सासऱ्यांच्या शेतासाठी बी न्यायचंय, म्हणाल्या. "पण मला यातलं काही कळत नाही. औषध आताच लावायचं की रोप पिवळं पडल्यावर?"

गुलाबरावांचा ठणका क्षणभर पळालाच. असा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं मिळतं.

"पिवळं पडल्यावर?" ते तोंडाच्या एका कोपऱ्यातून म्हणाले. "ताई, तोवर मुळं गेलेली असतात! नंतर हळहळून काय उपयोग? औषध आधीच लावायचं."

"पण वरून तर सगळं ठीक दिसतं."

"वरून काय दिसणार? सडायचं ते खाली सडतं!"

"आणि थोडं थांबून बघितलं तर? आपोआप बरं होईल."

"आपोआप?" गुलाबरावांनी ड्रम थांबवला. "कुणी सांगितलं तुम्हाला? एखाद्या अडाण्यानंच सांगितलं असणार!"

गल्ल्याकडून बायकोच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता. गुलाबरावांनी वळून पाहिलं, तर ती शेडच्या दारात येऊन तोंडाला पदर लावून हसत होती. बाईंनी पर्समधून छोटी बॅटरी काढली.

"मी दातांची डॉक्टर. तुमच्या घरूनच फोन आला होता. बी खरंच न्यायचंय, पण आधी आ करा."

गुलाबरावांनी पळायला जागा शोधली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पोती, दारात बायको. शेवटी मोजे काढून, मास्क खाली ओढून त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी आत बघून मान हलवली. "मुळापर्यंत गेलंय. दुपारी या."

दुपारी बायको त्यांना हाताला धरून घेऊन गेली. खुर्ची मागे झुकल्यावर गुलाबरावांनी दोन्ही दांडे असे आवळले, की डॉक्टरीणबाईंना विचारावं लागलं, "दाढ मला काढायचीय की खुर्ची तुम्हाला?" सुई टोचायच्या आधीच ते ओरडले. सुई टोचल्यावर मात्र गप्प झाले, कारण काही कळलंच नाही. दाढ ट्रेमध्ये टक्कन वाजली, तेव्हा ते डोळे मिटून अजून वाटच पाहत होते.

तोंडात कापसाचा बोळा आणि न बोलण्याची सक्त ताकीद घेऊन ते शेडवर परतले. गिऱ्हाइकं ताटकळली होती. गुलाबराव ड्रम फिरवायला लागले आणि बोलायचं काम बायकोवर आलं. "हळू फिरवतात, सालीला चीर जायला नको. सावलीत सुकवा. उरलेलं बी माणसाला नाही, जनावरालाही नाही. जिवाणू खत लावायचं असेल तर यानंतर." एवढं बोलून ती पुढच्याकडे वळली.

गुलाबराव हातवारे करायला लागले. "ते म्हणतायत," बायकोनं खुलासा केला, "बुरशी फार वाईट." गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. रांग कधी नव्हे ती संध्याकाळच्या आत संपली.

"इतक्या वर्षांत मला एवढं पटकन समजलं नव्हतं," एक म्हातारा शेतकरी जाता जाता म्हणाला. गुलाबरावांनी मास्क उतरवून बोळा थुंकायला तोंड उघडलं, बायकोनं डोळे वटारले, आणि त्यांनी ते परत मिटलं.