तिने आज काय खाल्लं

अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत मी राहायला आले तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती आणि ती नागपुरात होती. माझा व्हिसा झाला होता, नवऱ्याचा आणि तिचा अडकला होता. नोकरी हातची जाऊ नये म्हणून मी पुढे आले. महिन्या-दोन महिन्यांत ते दोघं येतील असं धरून चालले होते. दीड वर्ष लागलं.

शुक्रवारची संध्याकाळ सगळ्यांत कठीण जायची. गावात मराठी कुटुंबं पुष्कळ, कुणाकडे तरी पॉटलक असायचंच, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायचं. एक काकू मला आग्रहाने बोलावायच्या. दोनदा गेले. बेसमेंटमध्ये मुलांचा धुडगूस चाललेला, मध्येच एखादी मुलगी धावत येऊन आईच्या मांडीत डोकं खुपसायची, आणि माझा घास हातातच राहायचा. तिसऱ्यांदा मी काम आहे असं सांगितलं आणि ऑफिसच्या वाटेवर रोज दिसणाऱ्या इटालियन हॉटेलात शिरले.

अगदी लहान हॉटेल. मालकीणबाई स्वतः वाढायच्या, आत त्यांचा भाऊ रांधायचा. मी पास्ता मागितला.

"एकटीच आहेस?" त्या म्हणाल्या. "एका माणसाचं आमच्याकडे नसतं. मोठं ताट टेबलावर येतं, सगळ्यांनी त्यातून वाढून घ्यायचं."

मी पर्स उचलली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खिडकीजवळच्या टेबलापाशी नेलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. "ही तुमच्याबरोबर जेवेल," असं त्यांना परस्पर सांगून बाई आत निघून गेल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते गृहस्थ सरकून बसले. वांग्याच्या कापांवर टोमॅटोचा रस्सा आणि चीज घातलेलं ताट आलं, तेव्हा त्यांनी आधी मला वाढलं. त्यांची बायको नर्सिंग होममध्ये होती. तिला आता कुणाचीच ओळख राहिली नव्हती. ते रोज दुपारी तिला भरवायला जात आणि शुक्रवारी इथे जेवायला येत.

"तुझं कोण आहे घरी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मुलीबद्दल ऐकल्यावर लोक हळहळायचे, त्याची मला सवय झाली होती. हे हळहळले नाहीत.

"तिने आज काय खाल्लं?" ते म्हणाले.

मला सांगता येईना. सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी फोन करायचे, तेव्हा नागपुरात संध्याकाळ झालेली असायची. आम्ही नवरा-बायको कागदपत्रांबद्दल बोलायचो, तिच्या खोकल्याबद्दल बोलायचो, मग माझी निघायची वेळ व्हायची.

पुढच्या फोनवर मी नवऱ्याला विचारलं.

"वरणभात. दुसरं काय खाणार ती?"

"तूप घातलं होतंस? स्वतःच्या हाताने जेवली?"

तो हसला. पण पुढे पुढे मी न विचारताच सांगायला लागला. आज पोळीचा लाडू मागितला. आज भेंडीतल्या बिया वेचून ताटाच्या कडेला लावल्या. ते सगळं मी शुक्रवारपर्यंत जपून ठेवायचे आणि त्या टेबलावर सांगायचे. मग आजोबा त्यांच्याकडचं सांगत. समोर त्यांना नावाने हाक मारायला माझी जीभ कधी वळली नाही. मनात आणि नवऱ्याशी बोलताना ते आजोबाच झाले होते. "आज तिने अर्धं पीच खाल्लं," ते म्हणायचे. "चमचा ढकलला नाही." यापलीकडे आम्ही फारसं बोलत नसू. दोघांची माणसं दोन दिशांना होती आणि ताट मध्ये होतं.

मग एकदाचे ते दोघं आले. बॉस्टनच्या विमानतळावर माझी मुलगी बापाच्या पायामागे लपली. घरी आल्यावर पाणीसुद्धा त्याच्याकडेच मागायची. मला काही सांगायचं असलं तर त्याला म्हणायची, "हिला सांग." मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

शुक्रवारी आम्ही तिघं हॉटेलात गेलो. आजोबा उठून उभे राहिले, नवऱ्याचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. मग मुलीकडे वळून इंग्रजीत विचारलं, आज काय खाल्लंस? तिला कळलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "मला आजीकडे जायचंय."

मी तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. आजोबांनी मान हलवली. त्यांनी आतून नुसतं लोणी लावलेली मॅकरोनी मागवली आणि तिच्या बशीत थोडी वाढली. आम्ही मोठे आपलं बोलत बसलो. ती एकेक नळी बोटात घालून खात होती. पोट भरल्यावर तिने बशी माझ्यापुढे सरकवली.

"झालं माझं. तू खा."

मी तिचं उष्टं खाल्लं. गार झालं होतं, लोणी थिजलं होतं.

पुढच्या वर्षी नवऱ्याला नोकरी लागली ती ओहायोत, डब्लिनला, आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. नाताळात मी हॉटेलात फोन केला तेव्हा मालकीणबाईंनी सांगितलं, आजोबांची बायको गेली आणि मुलगा येऊन त्यांना दक्षिणेकडे घेऊन गेला. नंबर कुणाकडे नव्हता. मीही इतक्या दिवसांत कधी घेतला नव्हता.

आता मुलगी हायस्कूलमध्ये आहे. त्या हॉटेलाबद्दल सांगितलं की म्हणते, "आय डोन्ट रिमेंबर, आई." तिला आठवायचं कारणही नाही. सगळे एका छताखाली असावेत म्हणून मी जीव टाकत होते, ते मला मिळालं. तरी शुक्रवारी गाडी घराकडे वळवताना त्या खिडकीपाशी जाऊन बसावंसं वाटतं. आजोबांच्या बायकोचे शेवटचे दिवस कसे गेले, जेवत होती का, हे मला त्यांना विचारायचं होतं.