झडपेपलीकडचा प्रवाह

पत्नीच्या हृदयाची डावी झडप आकसली आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून जानेफळच्या आमच्या घरात मी देवापुढे दिवा लावणं सोडून दिलं. लहानपणी तिला सांधेताप आला होता, त्याचंच हे फळ. अंगण झाडलं तरी तिला धाप लागे. पुढे पुढे तर आडवं पडताच श्वास कोंडू लागला. मेहकरच्या बालाजीची इतकी सेवा करूनही हिच्याच वाट्याला हे का, हा प्रश्न मला सोडत नव्हता.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्यात माझ्याशेजारी दुसरबीडच्या एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान तिथेच भरती होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, झडप म्हंजे काय असते?"

मी सांगू लागलो, "अंगातून फिरून आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूले येते. तिथून फुप्फुसात जाऊन शुद्ध होते, मंग डाव्या बाजूले येते अन् पुन्हा अंगभर जाते. मंधात झडपा असतात, दारासारख्या. हिचं डावीकडचं दार उघडतच नाही बराबर. रक्त मागं फुप्फुसात तुंबून राह्यते."

बाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, "जन्मापासून हे चालू हाये, अन् आपल्याले पत्ताबी नाही."

ते शब्द मनात उतरत होते, तेवढ्यात नर्स बाहेर आली. रक्तस्राव जास्त झाला होता, आणखी रक्त हवं होतं. पत्नीचा रक्तगट दुर्मीळ, आणि रक्तपेढीतला साठा संपलेला. बाईंनी नर्सला पुन्हा गट विचारला आणि म्हणाल्या, "माह्या पोराचा हाच हाये. खाली चहा पिऊन राह्यला. बलावतो त्याले."

तो आला, तपासणी झाली, त्याने रक्त दिलं. मी हात जोडले तर बाई म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. आमच्या मालकालेबी कोनं तरी देल्लंच होतं."

मी डोळे मिटले. त्या वेळी मी बालाजीकडे तिचा जीवही मागितला नाही. एवढंच म्हणालो, आता तूच पाहा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, नवी झडप नीट चालते आहे.

हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. आता सकाळी दिवा लावताना ती शेजारी बसते. घर शांत असलं की तिच्या छातीतल्या त्या धातूच्या झडपेची बारीक टिकटिक मला ऐकू येते. मग माझ्याकडून मंत्र म्हटला जात नाही. मी नुसता ऐकत बसतो.