हदगावचं विरजण लातूरहून परत

मंडळी, आत्ताच लातूरहून एसटीनं हदगावला आले. अख्खा रस्ता एक स्टीलची डबी मांडीवर धरून बसले होते.

लेक लातूरला नीटचा क्लास करून राहिली. तिच्या हॉस्टेलात खोकल्याची साथ आली, तिलाही झाला, म्हणून बघायला गेले. जाताच दटावलं, "आधी दही बंद कर. आपल्या घरातबी खोकला सुरू झाल्यापास्नं मी विरजण लावणंच सोडलंय."

ती शांतपणे म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणाले हे व्हायरल हाय, अँटिबायोटिक नको. आतड्यातले चांगले जिवाणू प्रतिकारशक्तीला हातभार लावतात. दही काही औषध न्हाई, पण सोडायचं कशाला?"

मग तिनं भांडं उघडलं. घट्ट, कवडीचं दही. इकडून जाताना मी दिलेलं विरजण तिनं मेसच्या दुधावर अजून टिकवलंय. मजल्यावरच्या पोरी तिच्याकडूनच नेतात. लई अभिमान वाटला.

तुमच्याकडं खोकल्यात दही बंद करतात का? आमच्याकडं केलं, आणि सासूबाईंपासून चालत आलेलं विरजण घरातून संपलं. आज तेच लेकीनं डबीत घालून मला दिलं.

दूध तापवलंय. कोमट व्हायची वाट बघून राहिले.