बाबांचा विकेटकीपर

माझ्या वडिलांची शेवटची इच्छा एक विकेटकीपर होती.

खामगावच्या एका बेकरीने टोस्टच्या पुड्यात क्रिकेटची कार्डं टाकायला सुरुवात केली, तिथून हे सुरू झालं. मोठ्या खेळाडूंचे फोटो मालकाला परवडणार कसे? त्याने तालुक्यातलीच टीम छापली. सलामीचा फलंदाज कांद्याचा आडत्या, लेगस्पिनर एसटीचा कंडक्टर (अर्धं पोट कार्डाबाहेर!). पिंपळगाव राजा या आमच्या गावी बाबांनी दहा जण जमवले. अकरावा, म्हणजे कीपर, काही निघेना.

बाबांना शुगर होती. आईने गोड बंद केलं होतं, आणि या टोस्टांवर तर साखर पेरलेली.

"मी कुठी खातो?" बाबा म्हणायचे. "कार्डासाठी आणतो! कीपर नसला तं मागं चेंडू कोण अडवीन?"

पुडे येत राहिले आणि बाबा गेले.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. कावळा बाभळीवर बसून भलतीकडेच बघत होता. दादाने आईला सांभाळायचं वचन दिलं. कावळा ढिम्म. आत्याने भावजयीशी पुन्हा भांडणार नाही असं सांगितलं. (त्यावर तर आमचाही विश्वास बसला नाही.) मग सगळे माझ्याकडे वळले.

"तू बोल ना बे!" काका म्हणाले. "त्याचं ते कीपरचं राह्यलं."

मी पुस्तकात डोकं घालून जगणारा माणूस. चारचौघांत नाव सांगतानाही मला घाम फुटतो. मी पुटपुटलो.

"जोरानं! कावळ्याले ऐकू जाऊ दे!"

"बाबा, तुमचा कीपर मी आणतो!"

पलीकडे कपडे धुणाऱ्या बाया धुणं थांबवून बघू लागल्या. कावळा मात्र बाभळीवरच. काकांनी आत्याच्या पिशवीतला टोस्टचा पुडा फोडला आणि वचनाची खूण म्हणून एक टोस्ट पिंडावर ठेवला. कावळा झपकन खाली आला, पिंडावर चोच मारली आणि टोस्ट घेऊन उडाला!

"पोचलं! वचन पोचलं!" आत्या रडू लागली. खरं सांगतो, मीही रडलो.

आता माघार नव्हती. आम्ही सकाळी टोस्ट खाऊ लागलो, संध्याकाळी टोस्ट खाऊ लागलो. गावभर बातमी झाल्याने भेटायला येणारेही टोस्टच आणू लागले. तेरवीला श्रीखंडाशेजारी टोस्ट! प्रत्येक पुड्यातून तोच लेगस्पिनर निघायचा. एक दिवस तो कंडक्टर स्वतः सांत्वनाला आला, दिवाणावरचा कार्डांचा ढीग बघितला आणि घाबरून म्हणाला, "मी इतका?"

शेवटी मी खामगावची बस धरली आणि बेकरी गाठली.

"कीपर?" मालक हसला. "तो छापलाच नाही. माहा साला हाय तो. लग्नात आमचं वाजलं, म्या त्याचा फोटोच काढून टाकला."

"अहो, पण माझे बाबा शेवटपर्यंत..."

"बाबांले मी कवाच सांगतलं होतं! ते म्हणे, घरी बोलू नोको बाप्पा, नाहीतर टोस्ट बंद होतीन. इथं बाकावर बसून चहात बुडवून खायचे. देवमाणूस!"

परतीच्या बसमध्ये मी आईला हे कसं सांगायचं याचाच विचार करत होतो. अर्ध्या जन्माच्या जोडीदाराने फसवलं, हे त्या बिचारीला सोसेल का? घरी पोचून मी तिला पाणी दिलं, खाली बसवलं आणि जपून जपून सगळं सांगितलं.

"हाव, मले माहीत होतं," आई म्हणाली.

"मग अडवलं काऊन नाही?"

"लपून खाणारा माणूस दोनच खाते. उघड खाऊ देल्लं असतं तं पुडा संपवला असता!"

तेव्हा मला तो कावळा आठवला. माझ्या वचनाला तो जागचा हलला नव्हता. खाली आला तो टोस्ट ठेवल्यावर! म्हणजे बाबांना काय हवं होतं ते आईला ठाऊक, बेकरीवाल्याला ठाऊक, कावळ्यालासुद्धा ठाऊक. बाकी घरात एम.ए. झालेला मी एकटाच.