थोरली जेवते कधी

शेवटचं आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं काम म्हणजे करंदी सोलली. टीव्हीसमोर जमिनीवर पेपर पसरून, मधे टोपली ठेवून. करंदी म्हणजे बारीक कोलंबी. ती सोलायला बोटं नाजूक लागतात आणि माझी बोटं जाळी ओढून ओढून खुंट्यांसारखी झालेली. माझी एक होईपर्यंत तिच्या मूठभर होत. तरी मला बसवायची. म्हणायची, "हात पण चालू द्या जरा, तोंड तर चालूच हाय."

टीव्हीवर तिची मालिका लागलेली. जुनी आहे. आमची पोरं लहान होती तेव्हा लागायची, आता कुठल्याशा चॅनेलवर रोज संध्याकाळी परत दाखवतात. एक घर, घरात जिना, आई, बाप आणि तीन पोरं. दर वेळी काहीतरी बिघडतं आणि शेवटाला नीट होतं. मधे मधे न दिसणारी माणसं हसतात. त्यातली थोरली मुलगी माझ्या बायकोची लाडकी. दोन वेण्या, फ्रॉकला सुरकुती नाही. शाळेत पहिली. आईच्या हातातलं काम काढून घेणार, धाकट्यांची भांडणं सोडवणार, बाप चिडला की पाण्याचा तांब्या घेऊन हजर. त्या दिवशी धाकट्या पोराने बापाचं घड्याळ बादलीत टाकलं आणि थोरलीने ते आपल्यावर घेतलं. मग बापाला खरं कळलं, त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, सगळे जेवायला बसले, आणि ही वाढू लागली.

"बघा, कशी गुणाची पोर हाय," बायको म्हणाली.

"ही जेवते कधी?"

"कोण?"

"ही तुझी गुणाची. किती वर्सं बघतोय मी. सगळे जेवतात नि ही वाढते. हिच्या तोंडात घास गेलेला काय दिसला नाय मला."

"मागनं जेवत असंल."

"मागनं म्हंजे कवा? जाहिरातीत?"

ती हसली. अशी हसली की मांडीवरची सालं सगळी खाली सांडली. हसता हसता छातीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "पित्त हाय. हसवू नका मला." मग परत सोलायला लागली. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता बोलली, "थोरल्याला असंच रावं लागते."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागते कोणी?"

दुसऱ्या दिवशी ती करंदी घेऊन बोईसरच्या बाजारात गेली. तिच्या शेजारी बसणारी बाई मला नंतर सांगत होती. सगळं नीट चाललेलं, गिऱ्हाईक होतं. मग म्हणाली, माझ्या टोपलीकडे बघ जरा, आणि भिंतीला टेकून बसली. बाईला वाटलं डुलकी लागली.

डॉक्टर म्हणाला, दुखणं बरेच दिवसांचं असणार. घरात कोणाला बोलल्या नाहीत का? आता मी त्याला काय सांगू. करंदी सोलताना बोलली की. पित्त म्हणाली.

मला राग आला तो तेव्हाचा. अजून गेलेला नाही. लोक म्हणतात रडा, मोकळे व्हा. मला रडायचं नाही, मला कोणाला तरी धरून विचारायचं आहे.

तिचं माहेर एडवणचं. भावंडांत ती थोरली. बाप समुद्रावर, आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून शाळा सोडून डोक्यावर टोपली घेतली. मागची सगळी शिकली. एक बहीण तर आता कोळगावला कचेरीत खुर्चीवर बसते. चांगलं झालं, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण ह्या सगळ्या लोकांनी तिचं कौतुक किती करावं. कुठल्याही लग्नात गेलो की हेच. तायने कधी हूं केलं नाही, तायच्या कपाळाला कधी आठी नाही. ते ऐकून ऐकून तिला वाटायला लागलं की आठी पडली तर आपण ताय राहणार नाही. मग दुखलं तरी पित्त. दमली तरी पित्त. एवढं पित्त कोणाला असतं?

त्या मालिका कोण लिहितं मला माहीत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण एक सांगतो, ते लिहिणारा घरातला धाकटा असणार. ज्याला गरम गरम वाढलं, ज्याचं घड्याळ दुसऱ्याने अंगावर घेतलं, त्यालाच थोरली अशी दिसते. थोरलीने स्वतः लिहिलं असतं तर पहिल्याच भागात तिने तांब्या आपटला असता. खरं पोर चिडतं, खोटं बोलतं, धाकट्याला चिमटा काढून वर आपणच रडतं. ही कधी चिडत नाही. लाकडाची बाहुली पण पावसात फुगते, ही तेवढीही नाही. आणि माझी शहाणी बायको त्या बाहुलीकडे बघून शिकत बसली. पोरीलाही तेच शिकवलं.

आमची दोन मुलं. थोरली मुलगी, लग्न होऊन बोईसरला राहते, कंपनीत पॅकिंगला जाते. धाकटा मुलगा माझ्याजवळ, तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. आई गेल्यावर थोरली आली आणि राहिली. लग्न झालेल्या पोरीला सुतक तीन दिवसांचं. तिला परत जाता आलं असतं. नाही गेली. सुतकात घरात मासळी शिजत नाही, शेजारचे डाळभात आणून देत. ते ती सगळ्यांना वाढायची. आल्यागेल्याला चहा, भांडी, भटजीला काय हवं ते, माझं औषध. मुलगा मोबाईल घेऊन खांबाला टेकलेला. त्याला कोणी काही सांगायचं नाही, कारण त्याची आई गेली होती. जशी हिची गेली नव्हती.

कोळगावची मेहुणी रोज यायची. पोर समोरून गेली की डोळे पुसायची. "भावोजी, बघा, अगदी ताय. चालणं पण ताय." दारात येणारी प्रत्येक बाई तेच म्हणायची. पोरीने आईची जागा घेतली हो. मी ऐकत होतो आणि पोरीकडे बघत होतो, होडी काढायच्या आधी आभाळाकडे बघतो तसा. एकदा तिला जवळ बोलावलं.

"बाय, जेवलीस?"

"तुमी जेवा ना बाबा. मी जेवते मागनं."

तोच शब्द.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी मेहुणीने टीव्ही लावला, आवाज अगदी बारीक करून. तायच्या मालिकेची वेळ झाली म्हणाली. तेच घर, तोच जिना. पोर हातात भाताचं पातेलं घेऊन दारात थांबली. म्हणाली, "बाबा, मला ही मुलगी कधी आवडली नाय."

मेहुणी म्हणाली, "अगो, तुझ्या आईला किती आवडायची."

"आये सारखी बोलायची, बघ तिच्याकडं. मी बघायची नि मला राग यायचा. ती कधी चुकतच नाय. मग आमी काय करायचं?" एवढं बोलली आणि स्वतःच घाबरल्यासारखी झाली. "जाऊ दे. चहा टाकू का मावशी?"

मेहुणी म्हणाली, "टाक. साखर कमी घाल माझ्या."

दहावं खाडीच्या तोंडाशी केलं. भटजीने पिंड मांडले, मुलाचं डोकं भादरलं, आणि आम्ही कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. आमच्या गावात कावळ्यांना तोटा नाही. बोंबील सुकत घातले की बायका दिवसभर काठी घेऊन त्यांना हाकलतात. त्या दिवशी सगळे समोरच्या होडीच्या काठावर ओळीने बसलेले. बघताहेत आणि येत नाहीत.

माझ्या बरोबरीचा एक तांडेल, होडीचा म्होरक्या, हळूच बोलला, "जलमभर काठी दाखवली तिनं त्यांना. आता कसे येतील?" एकदोघे हसले. एरवी मीही हसलो असतो.

मग ते सुरू झालं. आपल्याकडे कावळा शिवला नाही की म्हणतात मेलेल्याचा जीव कशाततरी अडकला आहे, म्हणून घरच्यांनी पुढे होऊन शब्द द्यायचा. पहिला मुलगा गेला, हात जोडून काहीतरी पुटपुटला. कावळा नाही. मेहुणी म्हणाली, "थोरली बोलू दे. ताय तिचंच ऐकंल."

पोर पुढे झाली. "आये, बाबांना मी बघीन."

कावळा हलला नाही.

"भावाचं लगीन बोल," मेहुणीने मागून सांगितलं.

"भावाचं लगीन मी करून देईन."

"अजून बोल. बाजारातल्या जागेत जीव असंल तिचा. किती वर्सांची जागा."

"जागा सोडणार नाय आये. सुट्टी असंल तवा मी बसंन."

"अजून बोल गो."

मासळीच्या लिलावात बाई खाली वाकते आणि दोघे जण मिळून तिच्या डोक्यावर टोपली चढवतात. चढवली की वर आणखी एखादी पाटी ठेवतात, मान ताठ आहे ना, मग पेलेल. तसं चाललेलं मला दिसत होतं. पोरीची मान ताठ. पोरीच्या डोळ्यात पाणी नाही. सगळे मागून म्हणताहेत, अजून बोल.

मी तिच्या खांद्याला धरलं आणि मागे ओढलं.

"बस झालं," मी म्हणालो. मग पिंडाकडे बघून बोललो, कारण बोलायचं तिच्याशीच होतं. "ऐकतेस काय गे. ही काय करणार नाय. माझं मी बघीन. ह्याचं लगीन हा बघंल, हातपाय हायत त्याला. बाजारातली जागा गेली खड्ड्यात. तुझा जीव अडकला असंल तर अडकू दे. दुखत होतं तर बोलली का नाय तू? मी बाजूला बसलो होतो ना? वीतभर अंतरावर. पित्त म्हणे. मला काय परका समजलीस?"

माझा आवाज मोठा आहे. समुद्रावर दुसऱ्या होडीला हाक मारायची सवय. भटजी उठून उभा राहिला. लोक मागे सरकले, काही पार वाळूच्या चढावर गेले. कोणी काही बोलेना. नुसतं पाण्याचं ऐकू येत होतं. आणि होडीवरचा एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि भाताला चोच लावली.

गावात म्हणतात मी बोललो म्हणून शिवला. माझं म्हणणं वेगळं आहे. लोक गप्प बसले आणि लांब झाले म्हणून शिवला. आधीच केलं असतं तर आधी शिवला असता.

घरी आलो. मेहुणी ओट्यावर पाय धुताना बोलली.

"चार माणसांत माझ्या बहिणीला बोललात भावोजी. शोभलं का तुमाला?"

"बोललो नाय, विचारलं."

"तायनं कधी कोणाला उलटून विचारलं नाय."

"म्हणून तर आज दहावं झालं."

तिने तोंड फिरवलं. पोर आत भांडी आवरत होती. एक तांब्या जरा जोरात वाजला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि चूल पेटवली. गॅस आहे, पण मला त्याचं जमत नाही. मागच्या पडवीत तीन दगडांची चूल आहे, तिच्यावर भात ठेवला आणि बाजूला डाळ. मला रांधता येतं. होडीवर बायका नसतात, खलाशीच शिजवतात, पोरगा होतो तेव्हा माझ्याकडे तेच काम होतं. होडीवर एकच परात असते. भात मधे ओततात, वरून कालवण, आणि सगळे एकदम भोवती बसतात, तांडेल, खलाशी आणि रांधणारा पण. कोणी मागून जेवत नाही. मागे ठेवलं आणि लाट आली तर ते गेलं.

मुलाला पायाने हलवून उठवलं. म्हटलं, पाणी भर, नळ येईल आता. तो आत झोपलेल्या बहिणीकडे बघायला लागला. "तिकडं काय बघतोस? हंडा इकडं हाय." गेला हंडा घेऊन.

परात पडवीत ठेवली, भात ओतला, डाळ ओतली. पोर केस बांधत बाहेर आली आणि दारातच थांबली.

"बाबा, हे काय? उठा तुमी, मी वाढते. तुमी दोघं जेवून घ्या, मी मागनं..."

"होडीवर मागनं नसते. बस."

"आंघोळ करून येते."

"बस म्हटलं ना."

बसली. मुलगा ओल्या हातांनी येऊन समोर बसला. तिने सवयीने हाताने भात त्याच्या बाजूला सारायला घेतला. मी मनगट धरलं. मग तिने घास उचलला, तोंडात घातला आणि चावत राहिली, खूप वेळ. तिच्या कपाळाला आठी पडली. मी बघत होतो.

"बाबा, डाळ खारट झालीय."

मुलगा चमकून वर बघायला लागला. तिच्या तोंडून असलं काही आम्ही दोघांनी कधी ऐकलं नव्हतं.

"नि भात कच्चा हाय मधनं," ती म्हणाली. आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "नि धुरानं सगळा वास मारतोय."

"अजून बोल," मी म्हणालो, आणि परातीतला बरा शिजलेला भात तिच्या बाजूला लोटला.