चढउतारांची बेरीज

माझ्या पीएचडीचा विषय आईला कधी कळला नाही, असं मी लोकांना हसत सांगायचे. एखादी वक्ररेषा एकूण किती वरखाली होते ते मोजायचं, एवढाच तो विषय. भिंगारच्या खोलीत बसून मी ते मोजत होते आणि आई पारनेरजवळच्या गावात एकटी शेत बघत होती.

तिला मधुमेह होता, रोजची गोळी चालू होती. एका सोमवारी ती बांधावर चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, "तीन महिन्यांची सरासरी साखर तर छान आहे." डोंबलाचं छान! पुन्हा पडली तर एकटीनं रानात जायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. रान सुटलं तर ही बाई झुरून जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी तिला साखर तपासायचं यंत्र आणून दिलं. ती रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर आकडे सांगायची. महिन्याभरानं मी लागोपाठच्या आकड्यांमधला फरक काढत गेले. साखर वर गेली तरी मिळवायचा, खाली आली तरी मिळवायचाच. सरासरीत चढ आणि उतार एकमेकांना झाकतात, या बेरजेत कुणाला लपता येत नाही. पाहते तर काय, जवळजवळ सगळी उलथापालथ सोमवारची आणि गुरुवारची!

तडक एसटीनं गाव गाठलं.

"उपास करतेस?"

"न्हाई गं."

"मला शिकवू नकोस. दिवसभर उपाशी आणि संध्याकाळी ताटभर साबुदाण्याची खिचडी. वर गोळी चालूच!"

ती हसायलाच लागली. "व्हय बाई, धरलीस चोरी. पन मधी सोडता येत न्हाई. बोलले हाय मी देवाला."

"कशासाठी?"

"तुजं ते वरखाली मोजायचं पुस्तक पुरं व्हावं म्हून. लई वर्सं झाली की गं."

मला रडूच कोसळलं. मग स्वतःचाच भयंकर राग आला. प्रबंध कधीचा लिहून झाला होता. कुणी चूक काढेल या भीतीनं शेवटचं प्रकरण मी वर्षभर नुसतं घासूनपुसून ठेवत होते.

पुढच्या सोमवारी सकाळीच विद्यापीठात जाऊन प्रबंध जमा केला आणि तिथूनच फोन लावला.

"आई, पुस्तक दिलं. आता जेव."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग भांड्यांचा.

"भाकरी घेतलीय ताटात," ती म्हणाली. "खाते आन् मंगच रानात जाते."