मी घेतलेला अंगठा

मित्रांनो, सायबर कॅफेतून लिहितोय. बोटाला अजून शाई आहे.

आमच्या कॉलेजनं देणग्यांचा निधी दारूच्या कंपनीत गुंतवलाय. तो काढून घ्या, म्हणून आज इंदापूर स्टँडवर मी सह्या गोळा करत होतो.

एका तात्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय रं?"

त्यांची भिगवणची गाडी लागलेली. मी घाईत म्हणालो, "चांगल्या कामाचं हाय, तात्या. लावा अंगठा."

त्यांनी लावला. गाडीत चढता चढता म्हणाले, "कॉलेजला देणगी मागाय आल्याली माणसं बी हेच म्हनली व्हती."

गाडी गेली. मी हातातला कागद पुन्हा वाचला.

आमच्या कागदावरची पहिली ओळ माझीच आहे: 'देणगीदारांना न सांगता पैसा गुंतवला.'

तिच्याखाली तात्यांचा अंगठा. सांगा, कुठल्या तोंडानं देऊ हा कागद कॉलेजला?